दर्शना चढायच्या आधीच लागलेला बॅनर

बॅनर मी लावला नाही, निलेशने लावला. हे आधीच सांगून ठेवते, कारण आमच्या लालबागमध्ये कुठेही खट्ट झालं की लोक पहिलं बोट मालन घाडीकडे दाखवतात.

शुक्रवारी सकाळी मी दूध आणायला खाली उतरले, तर चाळीच्या गेटवर, या खांबापासून त्या खांबापर्यंत, हा एवढा बॅनर. 'लालबागची वाघीण कु. दर्शना आनंदा घाडी हिने अरबस्तानातील दुर्गम शिखर एकटीने सर केल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' मधोमध माझ्या भाचीचा फोटो. कुणाच्या तरी लग्नातला, नथ घातलेला. मागे डोंगर, आणि त्या डोंगरावर बर्फ. खालच्या कोपऱ्यात काळा गॉगल लावून, हात जोडून शुभेच्छुक निलेश. त्याचा फोटो दर्शनाच्या फोटोपेक्षा मोठा.

आणि आमची पोरगी त्या वेळी तिकडे ओमानमध्ये पाठीवर सॅक टाकून डोंगराच्या पायथ्याशी पोचत होती. अजून पाऊलसुद्धा वर टाकलं नव्हतं.

निलेश आमच्या चाळीचा कार्यकर्ता. मनाने वाईट नाही. मेलेल्याच्या घरी चहा आधी हाच पोचवतो आणि बारशाला पेढे आधी हाच खातो. पण बॅनर लावायचा नाद म्हणजे आजारच. मी त्याला टपरीवर गाठला.

"मेल्या, ती अजून चढायची आहे!"

"मग काय झालं आत्या? संध्याकाळपर्यंत पोचतेच की," तो चहात पाव बुडवत म्हणाला. मला अख्खी चाळ आत्याच म्हणते. "प्रिंटिंगवाला शनिवार-रविवार बंद असतो. बातमी शिळी झाल्यावर बॅनर लावून काय फायदा?"

"आणि बर्फ कुठून आला रे? वाळवंट आहे ते!"

"डोंगर म्हटला की बर्फ पायजे आत्या. नायतर पब्लिकला डोंगर वाटतच नाय."

"तुझ्या तोंडार शिरा पडो," म्हटलं आणि दूध घेऊन वर आले. न झालेल्या गोष्टीचं कौतुक आधी केलं की ती होत नाही, असं आमची आई म्हणायची. मी असल्या गोष्टी मानत नाही. पण त्या दिवशी मानल्या.

आता दर्शना कोण ते सांगते. माझ्या भावाची, आनंदाची, एकुलती एक मुलगी. मस्कतला एका हॉस्पिटलात एक्स-रे काढायच्या नोकरीवर आहे. मी लग्न केलं नाही, का केलं नाही ते विचारू नका, त्यामुळे भाऊ, वहिनी, मी आणि ही पोरगी, सगळे एकाच खोलीत. पोरगी वहिनीने जन्माला घातली आणि मी वरती चढवली.

वरती म्हणजे थरावर. आमच्या चाळीचं बायकांचं गोविंदा पथक मी काढलेलं आहे. मी लहान होते तेव्हा हंडी फक्त बाप्यांची. आम्ही पोरींनी गॅलरीतून पाणी ओतायचं आणि ओरडायचं, एवढंच. पुढे बायकांची पथकं निघाली तेव्हा मी पहिली उठले, पण तोपर्यंत वयही वाढलेलं आणि कंबरही. मग मी खाली उभी राहायला लागले, शिट्टी घेऊन. दिवसभर मिरची गल्लीत लोकांचे मसाले भाजून माझा घसा पार बसलेला. ओरडले तर समोरच्यालाही ऐकू जात नाही. म्हणून दादरला खेळाच्या सामानाच्या दुकानातून पितळेची शिट्टी आणली. माझा सगळा दरारा त्या शिट्टीत होता.

दर्शना आमची एक्का. सगळ्यात वर जाते ती एक्का. हलकी, नजर स्थिर, आणि भीती कशाशी खातात ते ठाऊक नाही. पण एक्क्याची एक गोची असते. तिला हंडी दिसते, आभाळ दिसतं, खालचं काही दिसत नाही. कुणाचा गुडघा लटपटतोय, कुणाचा खांदा सुटतोय, ते फक्त खाली उभ्या असलेल्या माणसाला दिसतं. मला दिसतं. मला दिसलं की मी शिट्टी मारते, आणि शिट्टी वाजली की हंडी नाकासमोर असली तरी हात लावायचा नाही. हात वर करून सलामी द्यायची आणि जसे चढलो तसे, एकेक थर, शिस्तीत उतरायचं. हा माझा कायदा. कायदा मोडणारीला मी पथकातून काढते.

एकदा दादरला मोठ्या हंडीखाली हीच गोष्ट झाली. दर्शनाचं बोट हंडीच्या दोरीला लागायचं बाकी होतं आणि तिसऱ्या थरावरच्या हसीनाचा गुडघा थरथरायला लागला. मी शिट्टी मारली. पोरीने सलामी दिली आणि उतरली. पुढच्या पथकाने येऊन हंडी फोडली, आणि हाच निलेश, तेव्हा बाप्यांच्या पथकात पायाला उभा राहायचा, सगळ्यांसमोर म्हणाला, "आत्या टरकली!"

मी त्याला तिथल्या तिथे ऐकवलं. "हंडी पुढच्या वर्षी पण टांगतात रे. पाय मोडला तर तोच आयुष्यभर ओढायला लागतो."

पण त्या दिवशी घरी येऊन दर्शना जेवली नाही. मला म्हणाली, "आत्या, तू शिट्टी मारली नसतीस तर मी थांबले नसते." मी म्हटलं, "माहीत आहे. म्हणूनच मी खाली असते."

हे वाक्य माझ्या डोक्यात तेव्हापासून रुतून बसलंय. मी शिट्टी मारली नसती तर ती थांबली नसती.

म्हणून जेव्हा तिने फोनवर सांगितलं की तिकडे वाळवंटाच्या कडेला एक उघडाबोडका डोंगर आहे, झाड नाही, पाणी नाही, माणूस नाही, आणि मी तो एकटी चढणार आहे, तेव्हा मी फोनवरच तिची पूजा बांधली.

"एकटी कशाला? तिकडे मैत्रिणी नाहीत? घेऊन जा की चार जणींना!"

"आत्या, आयुष्यभर मी दुसऱ्यांच्या खांद्यांवर चढले. एकदा स्वतःच्या पायांवर चढून बघायचंय."

"आणि तुझ्या खाली कोण उभं राहणार?"

"मीच."

"आणि शिट्टी कोण मारणार गो?"

यावर ती हसली आणि फोन ठेवला. मला त्याचंच उत्तर हवं होतं. चढण्याची मला काळजी नव्हती. ती पोरगी विजेच्या खांबावरही चढेल. मला काळजी होती ती एवढीच, की थांबायची वेळ आली तर ती थांबेल का? मी नसताना?

त्यात माझी पितळेची शिट्टी गणपतीपासून हरवलेली. खिळ्यावर टांगलेली असायची, एक दिवस खिळा मोकळा. मी पथकातल्या प्रत्येक पोरीला झापलं, वहिनीला दोन दिवस टोमणे मारले, घर उलटंपालटं केलं. शेवटी नवीन आणली, प्लॅस्टिकची. ती वाजते तेव्हा फेरीवाला आल्यासारखं वाटतं. सरावाला पोरी हसतात.

तर शुक्रवार. ओमानमध्ये शुक्रवारी सुट्टी असते. ठरलं होतं असं, की फोनला रेंज दोनच ठिकाणी आहे. एक डोंगराखालच्या गावात आणि एक माथ्यावर. मधे काही नाही. ती उजाडताना निघणार, आमच्या जेवणाच्या वेळेला माथ्यावर पोचणार आणि तिथून फोन करणार.

वहिनीने सकाळीच देव पाण्यात ठेवले. आमच्या देव्हाऱ्यातला बाळकृष्ण, अन्नपूर्णा, गावचा वेतोबा, सगळे पितळेच्या पातेल्यात बुडवून वर झाकण. मी म्हटलं, "वहिनी, पोरगी तिकडे पाण्याविना चढतेय आणि तू देवांना पाण्यात बुडवतेस?" ती म्हणाली, "ती फोन करेल तेव्हा काढीन. देवांनापण कळू देत." वहिनी कमी बोलते, पण बोलते तेव्हा समोरच्याचं तोंड बंद होतं.

मी कामाला गेले. फेब्रुवारीत मसाल्याचा सीझन नुकता सुरू होतो, बायका वर्षाचा मसाला करून घ्यायला येतात. जेवणाची वेळ झाली. फोन नाही. मी डबा उघडला आणि बंद केला. दुपार कलली. फोन नाही. गिरगावातली एक बाई बेडगी मिरची घेऊन आलेली, मी ती कढईत टाकली आणि झारा हातात धरून फोनकडे बघत बसले. एकदम अख्खी गल्ली खोकायला लागली. मिरची जळून कोळसा झाली होती. इतकी वर्षं मी मिरची भाजतेय, कधी एक देठ करपला नाही. शेठ धावत आला, म्हणाला, "मालनबाय, काय झालं?" मी म्हटलं, "काय नाय, डोळ्यात धूर गेला." धूर नव्हता, मी रडत होते. त्या बाईला माझ्या पदरची मिरची दिली आणि घरी आले.

चाळीत तर मेळाच भरलेला. निलेशने ढोलवाले आणून ठेवलेले, पेढ्यांचे पुडे आणलेले, आणि गेटखाली येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगत होता, "आमच्या मंडळाची मुलगी, एकटी चढली, एकटी!" लोक बॅनरखाली उभे राहून सेल्फी काढत होते. माझा भाऊ आनंदा कठड्याला टेकून उभा. शिवडीच्या गोडाऊनमध्ये आयुष्य गेलं त्याचं, बोलायची सवय नाही. मला बघून फक्त एवढंच म्हणाला, "इलो नाय गो फोन अजून."

"येईल," मी म्हटलं.

"माथ्यावर रेंज असता म्हणाली हुती."

"येईल म्हटलं ना रे!"

मी त्याच्यावर खेकसले, कारण दुसऱ्या कुणावर खेकसता येत नव्हतं.

ऊन गेलं, रस्त्यावरचे दिवे लागले. निलेश वर आला. त्याचा चेहरा आता चहा-पावाचा राहिला नव्हता. हळूच म्हणाला, "आत्या, एखादा नंबर आहे का तिकडचा? पोलिसांचा वगैरे?" निलेशला काळजी वाटतेय म्हणजे वेळ वाईट आहे, हे मला कळलं.

आणि आनंदाच्या हातातला फोन वाजला.

सगळी गॅलरी धावली. आनंदाला तो फोन उचलता येईना. मी हिसकावून घेतला आणि स्पीकर लावला.

"आत्या?" तिचा आवाज. घसा माझ्यासारखा बसलेला.

"कुठे आहेस?"

"खाली. गावात. एका आजोबांच्या घरी बसलेय. त्यांनी खजूर दिलाय आणि खा खा म्हणून मागे लागलेत."

वहिनी आत पळाली आणि मला पातेल्याच्या झाकणाचा आवाज ऐकू आला. देव बाहेर आले. निलेशने खाली वाकून ढोलवाल्यांना हात केला आणि फोनजवळ तोंड आणून ओरडला, "दर्शना! फत्ते ना?"

"कोण, निलेशदादा? नाही रे. वर नाही गेले."

ढोलवाल्याने नुकती टिपरी उचललेली. तो तसाच थांबला. सगळ्यांची तोंडं उतरली. कुणीतरी मागून "अरेरे" म्हणालं, आणि मी मागे वळून बघितल्यावर ते गप्प झालं.

"पाय धड आहेत का?" मी विचारलं.

"धड आहेत."

"दोन्ही?"

"दोन्ही, आत्या."

"मग सांग आता."

तिने सांगितलं. खालचा अर्धा डोंगर दगडधोंड्यांचा. वाट अशी नाही, कुणी कुणी दगडावर दगड रचून खूण केलेली, त्या बघत जायचं. मधे एका ठिकाणी खूण चुकली, ती भलत्याच घळीत शिरली, आणि परत वाटेवर यायला बराच वेळ गेला. पाणीही गेलं. निघताना तिने ठरवलेलं की अर्धं पाणी संपलं की जिथे असू तिथून मागे फिरायचं. माथ्याखाली एक शेवटचा कातळ आहे, उभा. ती त्या कातळाखाली पोचली तेव्हा बाटलीतलं पाणी बरोबर अर्ध्यावर. वर माथ्यावर कुणीतरी लोखंडी नळी रोवून ठेवलीय, ती तिला दिसत होती. वाऱ्याने नळी वाजत होती, तेही ऐकू येत होतं.

"आत्या, दादरची हंडी होती ना, तेवढ्यावर. हात लांब केला की झालं."

"मग?"

"मग मी पहिला पाय लावला कातळाला. चढले थोडी. धरायला जागा होती. आणि मग आठवलं, तू नेहमी म्हणतेस, वर बघायच्या आधी गुडघा बघ. पण आपला आपल्याला दिसत नाही ना गो! म्हणून मी खाली उतरले, बसले, आणि पँट वर करून गुडघ्याकडे बघत राहिले. हसीनाचा थरथरलेला ना, तसाच थरथरत होता. मी हाताने दाबला तरी थांबेना."

"चढले असते मी," ती म्हणाली. "शप्पथ सांगते, चढले असते. उतरता आलं नसतं. तिथे मी खूप रडले. कुणी बघायला नव्हतं म्हणून मोठ्याने रडले. आणि मग... आत्या, तू ओरडणार नाहीस ना?"

"सांग."

"तुझी शिट्टी मी चोरली होती. गणपतीला आले तेव्हा. पितळेची. कुठे हरवले तर वाजवायला म्हणून आणलेली. खरं तर तुझी म्हणून आणलेली. ती काढली आणि वाजवली. एकच, लांब, तू मारतेस तशी. आख्ख्या डोंगरात घुमली. मग उभी राहिले, माथ्याकडे बघून हात वर केला, सलामी दिली, आणि उतरले."

मी मालन घाडी, जिच्या तोंडाला लालबाग भिते, ती पदर तोंडात कोंबून उभी. मला अभिमान वाटला. सरळ सांगते, इतका अभिमान मला तिच्या कुठल्याच हंडीला वाटला नव्हता. हंड्या तिने माझ्या जिवावर फोडल्या. ही शिट्टी तिने स्वतः मारली होती.

आनंदाने डोळे पुसले आणि म्हणाला, "शाबास गो बाय माझी." आयुष्यात त्याने कुणाला शाबास म्हटलेलं मी पहिल्यांदा ऐकलं.

हे सगळं चाललेलं असताना निलेश हळूच मला बाजूला घेऊन म्हणतो काय, "आत्या, बॅनर तसाच राहू दे. थोडंच राहिलं होतं ना? ओमानला जाऊन कोण बघतंय?"

हळू म्हणाला, पण फोन चालू होता.

"बॅनर?" फोनमधून आवाज आला. "कसला बॅनर?"

झालं! तिला माहीतच नव्हतं. शेजारच्या अपेक्षाने लगेच फोटो काढून पाठवला, आणि पुढच्या मिनिटाला दर्शना तिकडून किंचाळली. "निलेशदादा! मी वर गेलेच नाही! उतरव तो! आणि बर्फ कसला घातलायस?"

"अगं इज्जतीचा प्रश्न आहे! सगळ्या लालबागने बघितलाय!" निलेश रडकुंडीला आलेला. "आता उतरवला तर लोक म्हणतील हरली! खोटं वाटत असेल तर विचार कुणालाही!"

"तोंड बंद कर," मी म्हटलं. "बॅनर उतरणार नाही. आणि खोटाही राहणार नाही. हरली कोण म्हणतो ते मला बघू दे. रंग कुठे आहे तुझा?"

मंडळाच्या खोलीत रंग होता आणि पांढऱ्या कापडाची पट्टी होती. आमच्या अपेक्षाचं अक्षर चांगलं. मी सांगितलं तसं तिने पट्टीवर लाल रंगात लिहिलं. मूळ बॅनरवर 'सर केल्याबद्दल' आहे, बरोबर तेवढं झाकेल एवढी पट्टी. पण बॅनर उंच. शिडी मंडळाच्या गोदामात, गोदामाची किल्ली अध्यक्षांकडे, आणि अध्यक्ष गावाला. निलेश म्हणाला, "उद्या करू."

"उद्या कशाला? थर लावायला काय झालंय?"

माझ्या पथकातल्या पोरी तिथेच होत्या. हसीना, अपेक्षा, मच्छीमार नगरात सासरी गेलेली आमची नूपुर, जी फोन येणार म्हणून मुद्दाम माहेरी आलेली. गेटखाली घोळका झाला, खाली गोल, वर तिघी. आता वरती जायला कुणीतरी हवं. एक्का तर ओमानमध्ये. सगळ्या एकमेकींकडे बघायला लागल्या.

मी चप्पल काढली.

"आत्या, वेड लागलंय काय?" निलेश.

"साठी झाली म्हणून चढायचं नाही असं कुठे लिहिलंय? धरा गो नीट."

आयुष्यात मी कधी थरावर चढले नव्हते. इतकी वर्षं पोरींना चढवलं, स्वतः खाली. साडी कासोट्यासारखी खोचली, पट्टी दातात धरली, डिंकाचा डबा कमरेला. हसीनाच्या मांडीवर पाय, खांद्यावर पाय, मग नूपुरच्या पाठीवर. "आत्या, जड आहेस गो!" नूपुर ओरडली. "तुमच्या आया जास्त जड होत्या, त्यांनाही चढवलंय मी," मी म्हटलं, आणि उभी राहिले.

आणि काय सांगू, खालचं खरंच काही दिसत नाही! मी तीस वर्षं हे पोरींना सांगत आले, पण मला आज कळलं. समोर दर्शनाची नथ, निलेशचा गॉगल, वर दिवा, आणि बाकी काही नाही. फार बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, हसू येत होतं मला. मी पट्टीचा एक कोपरा चिकटवला, दुसरा चिकटवला, तिसरा चिकटवला. लोक खालून वाचायला लागले. 'अरबस्तानातील दुर्गम शिखर एकटीने हातभरावर सोडून, सलामी देऊन, स्वतः उतरल्याबद्दल हार्दिक अभिनंदन!' टाळ्या पडायला लागल्या. चौथा कोपरा लांब होता. मी टाचा उचलल्या, हात लांब केला. एवढंसं राहिलं होतं. अजून थोडं वाकले की झालं.

तेवढ्यात शिट्टी वाजली.

प्लॅस्टिकची नाही. माझी. पितळेची. एकच, लांब. मी हजारदा मारलीय ती, पण मला कधी कुणी मारली नव्हती. आनंदाने व्हिडिओ कॉल लावला होता आणि फोन वर धरून उभा होता. तिकडे त्या आजोबांच्या अंगणात बसून दर्शना आमचे थर खालपासून वरपर्यंत बघत होती.

"आत्या, नूपुरचा गुडघा!" ती ओरडली. "उतर!"

मला काही दिसलं नव्हतं. तिला दिसलं होतं. कोपरा माझ्या बोटापासून एवढ्याशा अंतरावर होता, आणि माझ्या मनात आलं, चिकटवून घेते आणि मग उतरते, कोणाला कळतंय? मग मला माझीच लाज वाटली. कायदा म्हणजे कायदा.

मी हात वर केला. बॅनरवरच्या माझ्या भाचीला सलामी दिली. खाली ढोल वाजला, आणि मी जशी चढले तशी, एकेक थर, शिस्तीत उतरले. खाली आल्यावर नूपुरने गुडघा धरून बसकण मारली आणि वहिनीने तिच्या तोंडात पेढा कोंबला.

फोनमध्ये दर्शना हसत होती आणि डोळे पुसत होती. म्हणाली, "आत्या, शिट्टी परत आणून देते गो. पुढच्या महिन्यात रजेवर येतेय."

"तुझ्याकडेच ठेव," मी म्हटलं. "मी दादरवरून दुसरी आणीन."

बॅनर अजून आहे. चौथा कोपरा मोकळाच राहिलाय, वारा आला की फडफडतो. निलेश रोज म्हणतो, शिडी आलीय आत्या, चिकटवून टाकू का? मी त्याला हात लावू देत नाही.